पहिलं पाणी

शनिवारी सकाळी रुमाल माझ्याकडे येतात,
कधी सहा, सणावारी अकरा,
कालिस पुसलेले, बोटं पुसलेली.
फादर त्यांना प्युरिफिकेटर म्हणतात.
मी पुसणं म्हणते.

पहिलं पाणी मोरीत सोडायचं नाही, असा नियम.
त्यात त्याचा एखादा थेंब असतो,
एखादा कण.
ते मातीला द्यायचं.
चर्चच्या मागच्या भिंतीशी म्हणून एक डाळिंब आहे,
पंचवीस वर्षं ते पितंय
जे आमच्या मुरारमध्ये फक्त फादर पितात.
फळं मात्र सुपारीएवढी,
आणि आंबट.

तिघऱ्याचं पाणी दिवसाआड येतं आता.
एप्रिलच्या धुळीत दुपारी किल्लासुद्धा पुसला जातो.
भदौरियाबाई कुंपणावरून विचारतात,
सिस्टर, एक दाग के लिए इतना पानी?
मी हसते.
डाग दाखवता येतोय, तेवढं बरं.

नऊ वर्षांपूर्वी, वसईला,
इनासने बावखल बुजवलं.
मी ज्यात पोहायला शिकले ते,
आई ज्याच्या काठावर राखेने भांडी घासायची ते.
आता तिथे चार मजले, खाली मोटारी.
मी अंगणात उभी राहून म्हणाले,
अख्ख्या वाडीला ऐकू जाईल असं:
मरताना तुझ्या तोंडात पाणी घालायला
मी येणार नाही.

हे वाक्य नऊ उपवासकाळ मी कबुलीला नेलं
आणि तसंच परत आणलं.
हिंदीत म्हणून बघितलं: भाई से अनबन है, फादर.
अनबन!
जणू दुधाच्या हिशेबावरून बोलणं बंद झालंय.
पाप मराठीत केलेलं,
क्षमा हिंदीत मिळायची,
दोघांची वाटेत गाठच पडायची नाही.

यंदा पवित्र आठवड्यात भाचीचा फोन आला.
पप्पा डायलिसिसवर आहेत, आत्या.
दिवसाला अर्धा लिटर पाणी, चहा-पेज धरून.
रात्री उठून
नळाचा आवाज ऐकत बसतात.

मी कबुलीला गेले.
जाळीपलीकडे फादर केरकेट्टा, सिमडेग्याचे,
वय माझ्या धाकट्याएवढं.
म्हटलं, हिंदी में नहीं होगा मुझसे.
म्हणाले, जिसमें होता है उसमें कहिए.

मग सांगितलं, मराठीत, सगळं.
बावखल, अंगण, ते वाक्य,
आणि ते बोलताना जीभ किती गोड झाली होती
तेही.
पाणी हा शब्द किती वेळा आला असेल कोण जाणे.
घसा कोरडा पडला, हुंदका आला,
तेवढ्यात पलीकडे खुर्ची वाजली
आणि फादर उठून गेले.

वाटलं, एवढं मोठं होतं का माझं?

परत आले ते स्टीलचा पेला घेऊन.
पानी, म्हणाले,
आप कब से माँग रही हैं.

मी काही समजावलं नाही.
दोन्ही हातांनी पेला धरला.
सुरईतलं पाणी, थोडा मातीचा वास.
चाळीस वर्षं जीभ पुढे करून मी त्याला घेतेय,
इतका खाली, इतका आत
तो कधी उतरला नव्हता.

क्षमेचे शब्द नेहमीचेच होते.
प्रायश्चित्त: तीन प्रणाम मरिया.
मी तीन नमो मारिया म्हटल्या.

आज रुमाल पिळून तारेवर टाकलेत.
फिलोमिना इस्त्री करेल; तीन घड्या, तिला माहीत आहे.
पहिलं पाणी डाळिंबाला घातलं,
आंबट तर आंबट.
पंजाब मेलला अजून वेळ आहे, आणि ती वेळेवर कधी असते?
बोटं सुरकुतलीत, ओलीच आहेत.

अर्ध्या लिटरात एक चमचा चालतो का
हे भाचीला विचारायचं राहिलं.